घड्याळाचं पोट आणि बाळाचा श्वास

बाईच्या मनगटावर बांगड्या आधी आल्या, घड्याळ फार उशिरा आलं. आमच्या घरात लहानपणी मनगटी घड्याळ एकच होतं, वडिलांचं, एचएमटीचं. सकाळी अंघोळ झाली की देवाला नमस्कार आणि लगेच घड्याळाला चावी, हा त्यांचा नेम. आम्ही बहिणी बाजूला उभ्या राहून ती करकर ऐकत असू, पण हात लावायची परवानगी नव्हती. आईचं घड्याळ म्हणजे ओसरीवर येणारी उन्हाची तिरीप, शाळेची घंटा आणि साडेदहाची एसटी. तिचं कधी काही अडलं नाही. पण तिला घड्याळ असावं, असंही कुणाला कधी वाटलं नाही.

मला घड्याळ मिळालं ते लग्नात. सोनेरी पट्ट्याचं, करंगळीच्या नखाएवढ्या तबकडीचं. किती नाजूक, किती छान, असं सगळ्या म्हणाल्या. त्यात तासकाटा होता, मिनिटकाटा होता, सेकंदकाटा मात्र नव्हता. तुमच्यापैकी अनेकींच्या कपाटात असंच एखादं 'लेडीज' घड्याळ असेल. एकदा काढून बघा, सेकंदकाटा आहे का त्यात? बाईला सेकंदाशी काय करायचंय, असं बनवणाऱ्यांनी जणू ठरवूनच टाकलं होतं. ते घड्याळ नव्हतंच, बारा आकडे लावलेला दागिना होता!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे या दिवाळीत आमच्या भाच्याच्या मनगटावर पाहिलेलं एक घड्याळ. भाचा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. डॉ. प्रकाश आमट्यांवरचा २०१४ सालचा सिनेमा पाहिल्यापासून त्याला हेमलकसा बघायचं होतं. आम्ही आलापल्लीचे, त्यामुळे त्याला घेऊन जायची जबाबदारी अर्थातच मावशीची. आलापल्ली सोडलं की पेरमिली, ताडगाव करत रस्ता जंगलातून भामरागडकडे जातो आणि भामरागडच्या थोडं अलीकडे हेमलकसा लागतं. पुढे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम. गाडीत बसल्या बसल्या माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं आणि पहिला प्रश्न तोंडातून निघाला, "अरे, तुझ्या घड्याळाचं झाकण कुठं पडलं?"

भाचा पोट धरून हसला. "मावशी, झाकण पडलं नाही. हे असंच असतं. स्केलेटन म्हणतात याला."

स्केलेटन म्हणजे सांगाडा. त्यानं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. कंपनी स्वित्झर्लंडची, एवढंच सांगते. किंमत त्यानं आधी सांगायचं टाळलं. मग हळूच म्हणाला, "मावशी, घरी आईला बोलू नको, पण यात एक नवा ट्रॅक्टर आला असता." माझ्या हातात ट्रॅक्टर आहे म्हटल्यावर मी आधी पदर सावरला आणि मग ते नीट धरलं.

पहिली गोष्ट जाणवली ती वजनाची. एवढं दांडगं दिसणारं घड्याळ, पण हाताला हलकं. दुसरी म्हणजे स्पर्श. स्टीलचं घड्याळ पहाटे मनगटावर चढवलं की कसं गार चटका देतं, तसं नाही. हातात धरल्या धरल्या अंगाच्या उबेला येतं. रंग काळा, पण रंग दिलेला काळा नव्हे. तव्याला जसा आतून काळेपणा असतो, तसा. मी नखानं हळूच खरवडून पाहिलं, तर भाचा म्हणाला, "खुशाल खरवड, चावीनं खरवडलंस तरी ओरखडा जाणार नाही. सिरॅमिक आहे."

सिरॅमिक म्हणजे आपल्या लोणच्याच्या बरणीच्याच कुळातली वस्तू. बरणी चिनी मातीची, आणि हे बनतं झिर्कोनियम ऑक्साइडच्या पिठासारख्या बारीक पुडीपासून. दातावर पांढरी कॅप बसवतात ना, त्यातही हाच पदार्थ असतो. पुडीत चिकट द्रव्य मिसळायचं, साच्यात दाबून आकार द्यायचा, मग ते द्रव्य काढून टाकायचं आणि १४५० अंश सेल्सियसच्या आसपास भाजायचं. विटांच्या भट्टीपेक्षा कितीतरी जास्त आच. भाजताना वस्तू जवळजवळ चौथ्या हिश्श्यानं आकसते. कुरडई वाळली की केवढीशी होते, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून साचा आधीच मोठा करावा लागतो, नाहीतर यंत्र आत बसायचं नाही. भाजून झाल्यावर ते इतकं कठीण होतं, की घासायला हिऱ्याची पूड लागते. रॅडो कंपनीनं १९८६ साली असं सिरॅमिक मनगटी घड्याळात आणलं आणि आता बऱ्याच बड्या कंपन्या ते वापरतात.

याचा एक फायदा आपल्या कामाचा आहे. नकली दागिन्यांनी ज्यांच्या कानाला, मानेला खाज सुटते, त्यांना बहुधा त्यातल्या निकेलचा त्रास होत असतो. सिरॅमिकमध्ये ती भानगड नाही. पण शेवटी जात बरणीची. ओरखडा पडणार नाही, पण फरशीवर नेमकं कोपऱ्यावर आपटलं तर तडकू शकतं. स्टीलला पोचा येतो आणि निभावतं, सिरॅमिकला पोचा येत नाही. माणसांतही असे दोन प्रकार असतात, नाही का!

आता सांगाड्याविषयी. घड्याळाला तबकडी नव्हतीच म्हणा ना. वरून काच, खालूनही काच, आणि मध्ये सगळा कारखाना उघडा. मी ते मनगटावर ठेवलं, तर माझी हिरवी बांगडी त्याच्या आरपार दिसली. आपण भरतकामात 'कटवर्क' करतो. आधी कडेनं काजटाका घालायचा आणि मग मधलं कापड कातरून टाकायचं. नक्षी उभी राहते ती उरलेल्या कापडाची. स्केलेटन घड्याळ म्हणजे धातूचं कटवर्क. यंत्र ज्यावर बसतं त्या पट्ट्यांमधला नको तेवढा सगळा धातू काढून टाकायचा. उरलेलं इतकं बारीक, की जास्त काढलं तर यंत्राला आधार राहत नाही. पूर्वी हे काम कारागीर केसाएवढ्या करवतीनं हातानं करत. आता बरंचसं यंत्रानं कापतात, पण कडांना झिलई द्यायला चांगल्या कंपन्यांत आजही माणसाचा हात लागतो.

आत काय दिसलं सांगू? एका डबीत गुंडाळलेली लांब कमान. ती उलगडू पाहते, तीच घड्याळाची ताकद. हात हलला की मागचं अर्धगोल वजन फिरतं आणि कमान पुन्हा गुंडाळली जाते, म्हणजे चावी द्यायला नको. दातेरी चाकांची रांग. मध्येमध्ये लालचुटूक ठिपके, ती माणकं. खाणीतली नव्हेत, कारखान्यात केलेली. चाकांचे आस त्यांत बसवले की झिजत नाहीत. आणि सगळ्यांत सुंदर म्हणजे एक छोटंसं चाक. केसासारख्या स्प्रिंगवर मागेपुढे, मागेपुढे झोके घेणारं. भाचा म्हणाला, "हे सेकंदाला आठ ठोके देतं." म्हणजे तासाला २८,८०० आणि दिवसाला जवळजवळ सात लाख. माणसाचं हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. मी बघतच राहिले. खोटं कशाला सांगू, मला ते घड्याळ आवडलं. माणसाच्या बोटांनी एवढं बारीक काम करावं, याचं अप्रूप वाटलं.

"पण वाजले किती?" मी विचारलं.

खरं तर मी तेच बघायचा प्रयत्न करत होते. चाकं, पट्ट्या, माणकं, स्प्रिंगा या सगळ्या गर्दीत काटे कुठं हरवले ते कळेना. जत्रेत हरवलेल्या पोरासारखे ते शोधावे लागत होते. सेकंदकाटा तर खालच्या चाकांत पार मिसळून गेला होता. भाच्यानं खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "सव्वादहा."

मी त्याला म्हटलं, "अरे, मग याचा उपयोग काय?" तो म्हणाला, "मावशी, वेळ बघायला हे घेतच नाही कुणी. वेळ फोनवर असते. हे आत बघायला घेतात." आणि त्याचं बरोबरच आहे. बाजारात काही शे रुपयांना मिळणारं सेलचं घड्याळ वेळेला याच्यापेक्षा जास्त पक्कं असतं. त्यात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि ते महिन्याला पंधरा-वीस सेकंदच काय ते पुढेमागे होतं. चाकांचं उत्तम स्विस घड्याळसुद्धा दिवसाला दोन-चार सेकंद चुकतं. १९६९ साली सायको या जपानी कंपनीनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि स्वित्झर्लंडचा हा धंदा पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बुडायला आला. तेव्हा स्विस लोकांनी हुशारी केली. वेळ स्वस्त झालीय ना, मग आपण वेळ विकायचीच नाही, कारागिरी विकायची. १९७२ साली ओदमार पिगे कंपनीनं 'रॉयल ओक' नावाचं घड्याळ काढलं. स्टीलचं, पण किंमत सोन्याच्या घड्याळाची. महागड्या 'स्पोर्ट्स' घड्याळांची फॅशन तिथून पसरली. स्पोर्ट्स म्हणजे पाण्यात चालणारं, धक्का सोसणारं. आमच्या भाच्याचा खेळ म्हणाल तर लॅपटॉपवर बोटं चालवण्याचा, पण असो!

गंमत बघा सख्यांनो. मनगटी घड्याळ मुळात बायकांचंच होतं. १८६८ साली पाटेक फिलिप कंपनीनं हंगेरीच्या एका सरदारपत्नीसाठी मनगटावर बांधायचं घड्याळ केलं, ते कडं म्हणून मिरवायला. पुरुष तेव्हा साखळीचं घड्याळ खिशात ठेवत आणि मनगटावर घड्याळ बांधणं बायकी समजत. पहिल्या महायुद्धात खंदकात बसून खिसे चाचपायला सवड मिळेना, तेव्हा सैनिकांनी ते मनगटावर घेतलं आणि ते मर्दानी झालं. बायकांना मग त्याचीच चिमुकली आवृत्ती मिळाली, सेकंदकाटा काढून घेतलेली. आणि आता शंभर वर्षांनी पुरुष ट्रॅक्टरच्या किमतीचं घड्याळ मिरवायला बांधतात आणि वेळ फोनवर बघतात. दागिना पुन्हा दागिनाच झाला, फक्त हात बदलला.

घड्याळ बांधायला बाईला उशीर झाला असेल, पण घडवण्यात तिचे हात पहिल्यापासून आहेत. बंगळुरूच्या एचएमटीत बारीक सुटे भाग जोडायला कितीतरी मुली बसत. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अंधारात चमकणाऱ्या तबकड्या रंगवायला अशाच मुली ठेवल्या होत्या. रंगात रेडियम असे, आणि कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं जाई. त्यांची हाडं झिजली, जबडे सडले, कित्येक जणी गेल्या. वाचलेल्यांनी कंपनीवर खटला भरला आणि १९२८ साली भरपाई मिळवली. 'रेडियम गर्ल्स' म्हणून जगाला त्या ठाऊक आहेत. आजच्या घड्याळांच्या काट्यांवरची चमक रेडियमची नसते, तीही अशा बायकांनी मोजलेल्या किमतीमुळे.

बोलता बोलता हेमलकसा आलं. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाताई इथंच राहिले. तेव्हा धड रस्ता नव्हता, वीज नव्हती, पावसाळ्यात नद्या चढल्या की जगाशी संबंध तुटे. माडिया माणूस अनोळखी माणसाला बघून जंगलात पळे. कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया झाल्या. १९७५ च्या सुमारास 'स्विसएड' या स्वित्झर्लंडच्या संस्थेच्या मदतीतून दवाखान्याची छोटी इमारत उभी राहिली, १९७६ मध्ये शाळा सुरू झाली. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भाच्याला मी म्हटलं, "बघ, तुझ्या घड्याळाच्या देशातून आपल्याकडे दवाखानाही आलाय." तो घड्याळाकडे आणि दवाखान्याकडे आळीपाळीनं बघत राहिला.

दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक आशाताई बसल्या होत्या. आमच्या महिला मंडळाच्या कामामुळे त्यांची माझी जुनी ओळख. त्यांच्या पाड्यावरच्या एका बाळंतिणीला आणि तिच्या पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या होत्या. बाळाला खोकला होता. नंबर यायचा होता. आशाताईंची नजर भाच्याच्या मनगटावर गेलीच. त्यानंही कौतुकानं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. चाक झोके घेताना बघून हसल्या. मग जे केलं ते आम्हा दोघांच्याही डोक्यात नव्हतं. त्यांनी बाळाचं झबलं वर सारलं, एका हातात घड्याळ धरलं आणि नजर बाळाच्या पोटावर लावली. ओठ हलायला लागले. थोड्या वेळानं थांबल्या, घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. मग ते जपून भाच्याच्या हातात परत देत म्हणाल्या, "लई भारी आहे जी दादा. पण याच्यात मिनिट दिसत नाही." आणि त्यांनी पिशवीतून फोन काढून त्यावर बाळाचे श्वास मोजले. त्रेपन्न भरले. "पन्नासाच्या वर आहे, ताई," एवढं म्हणून त्या उठल्या आणि आत सिस्टरना सांगायला गेल्या. बाळाला आधी घेतलं, औषध सुरू झालं. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा ते आईला पीत होतं.

भाच्यानं मला विचारलं, "पन्नासाचं काय गणित आहे?" परतीच्या वाटेवर मी त्याला ते सांगितलं, आणि तेच तुम्हालाही सांगते. कारण हे गणित प्रत्येक आईला, आजीला, मावशीला यायलाच हवं.

लहान मुलांना खोकला-सर्दी नेहमीच होते. त्यातून न्यूमोनिया झालाय का हे ओळखायची सगळ्यांत सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त श्वास, म्हणजे वेग वाढलाय असं समजायचं. मोजायचं कधी? बाळ शांत असताना. रडताना, पिताना नाही. झबलं वर करायचं, पोट किंवा छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही, कारण बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. वेग वाढलेला असेल, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ प्यायचं सोडत असेल किंवा मलूल पडत असेल, तर घरगुती काढे, शेक यांत वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठायचा.

या एका मिनिटासाठी आपल्या गडचिरोली जिल्ह्यात एक घड्याळ बनलेलं आहे, हे किती जणींना माहीत आहे? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून 'सर्च' संस्थेमार्फत इथं काम करत आहेत. गावोगावच्या बाळांचे मृत्यू न्यूमोनियानं होतात हे त्यांच्या लक्षात आलं. डॉक्टर गावात नाही, एक्स-रे तर दूरच. गावात असते ती दाई. पण दाईला श्वास मोजायला कसं शिकवायचं? अनेकींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं, घड्याळ वाचता येत नव्हतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, अडाणी बायका, यांच्यानं व्हायचं नाही. इथं मात्र बाईला नावं न ठेवता घड्याळ बदललं गेलं. एका चौकटीत एक मिनिटाची वाळूची घटिका बसवली आणि मण्यांच्या ओळी ओवल्या, तान्ह्या बाळासाठी वेगळी आणि त्याहून मोठ्यासाठी वेगळी. वाळू उलटी करायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यावर हात गेला, तर बाळाला न्यूमोनिया. बस्स. बाराच्या पुढे मोजायची गरजच नाही.

या कामाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. गावातल्या साध्या माणसांनी न्यूमोनिया ओळखला, औषध दिलं आणि बालमृत्यू घटले. पुढे ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, तेही १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, वजन करतात, श्वास मोजतात, त्या कामाचं मूळ आपल्या या जिल्ह्यात आहे. बाळ दवाखान्यात जन्मलं तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा आशाताई घरी येतात. त्यांच्या पेटीत वजनकाटा, थर्मामीटर, टॉर्च, दुपटं असतं. आणि एक आकड्यांचं साधं घड्याळही.

मग आमच्या आशाताई फोनवर का मोजत होत्या? त्यांच्या घड्याळाचा सेल संपला होता. मागणी करून बरेच महिने झाले होते, वरून काही उत्तर नव्हतं. फोन आहे म्हणून निभावतं म्हणा. पण पाड्यावर चार्जिंगची बोंब, आणि ऐन रात्री फोन बंद पडला तर? बटणासारखा तो सेल काही फार महाग नसतो. तो कुणी द्यायचा, एवढ्यावरच गाडी अडलेली. भाच्यानं दुसऱ्या दिवशी आलापल्लीच्या बाजारात जाऊन घड्याळजीकडून वीस सेल आणि चार साधी, ठसठशीत सेकंदकाट्याची घड्याळं घेतली. मी काही बोलले नाही, त्यानंही भाषण केलं नाही. पण सगळ्याच आशाताईंना भाचे कुठून आणायचे? ही गोष्ट ज्यांची आहे त्यांच्याकडूनच झाली पाहिजे. आमच्या मंडळानं त्यासाठी अर्ज तयार केलाय. तुमच्याही गावात आशाताईंच्या पेटीतलं घड्याळ चालू आहे का, एवढं विचारून बघा. ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

भाच्याच्या घड्याळाविषयी माझं मत कुणी विचारलं तर सांगेन, सुंदर आहे. पैसा त्याच्या कष्टाचा आहे, हौस त्याची आहे. माणसानं आयुष्यात एखादी गोष्ट केवळ सुंदर आहे म्हणून घ्यावी, यात मला गैर वाटत नाही. आपणही पैठणी अंग झाकायला घेत नाही. आतलं सगळं उघडं करून दाखवणारी ती कारागिरी बघून मला आनंदच झाला. पण आरपार दिसणारं घड्याळ म्हटलं की आता मला वाळूची ती घटिकाही आठवते. तिच्यातही सगळं उघडंच आहे. वाळू पडताना दिसते, मिनिट सरताना दिसतं. त्यात माणकं नाहीत, आहेत ते मणी. आणि ते वाचायला शाळेत जावं लागत नाही.

तर सख्यांनो, आता एक काम करा. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा आहे का, तो नीट दिसतो का, ते बघा. नसेल तर पुढच्या बाजाराला असलेलं आणा. मुलीला, सुनेला घड्याळ घ्याल तेव्हा नाजूक तबकडीवर भाळू नका. दुकानदाराला ठणकावून सांगा, सेकंदकाटा हवा. आणि घरात तान्हं बाळ असेल, तर आज ते झोपलं की शेजारी बसून एक मिनिट त्याचे श्वास मोजा. बाळ बरं असताना मोजायची सवय झाली, की आजारपणात हात कापत नाहीत.